‘नेटवर्क आलं’ म्हणजे नक्की काय आलं?

आजची गोष्ट भरलेल्या डिस्कपासून सुरू होते.

एका छोट्या ऑफिसचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळायचो. रोज रात्री दोनला त्याचा बॅकअप कपाटातल्या स्टोरेजच्या डब्यावर जायचा. डबा नेटवर्कवर, पण सर्व्हरवर तो साध्या फोल्डरसारखा दिसायचा. यालाच माउंट म्हणतात. एका सकाळी सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली. शोधलं तर काय, एकोणीस दिवस डब्यावर काहीच गेलं नव्हतं! लाइट जाऊन आली, सर्व्हर उठला, माउंट फसलं. पण माउंट फसलं तरी रिकामा फोल्डर जागेवरच असतो ना. बॅकअपने मुकाट त्यातच लिहिलं, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर. त्या एकोणीस दिवसांत डिस्क उडाली असती, तर मूळ आणि बॅकअप दोन्ही एकदम गेले असते.

चूक माझी होती. पण ती चूक चाळीस वर्षं जुन्या एका प्रश्नाची आहे, म्हणून हा भाग.

१९८४च्या सुमारास सन मायक्रोसिस्टम्सने एनएफएस बनवलं, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टम. दूरच्या मशीनवरच्या फायली आपल्याच असल्यासारख्या वापरायच्या. सनची काही वर्कस्टेशन्स तर बिनडिस्कची असत, सगळं नेटवर्कवरून. आणि लगेच अडचण उभी राहिली. समजा दोन मशीन एकमेकांच्या फायली माउंट करतात. लाइट गेली, दोन्ही एकदम सुरू झाली. हे त्याची वाट बघतंय, ते ह्याची. पहले आप! यावर उतारा होता ‘बीजी’ हा पर्याय: माउंट जमलं नाही, तर प्रयत्न मागे चालू ठेव, पण मशीनचं सुरू होणं अडवू नकोस.

बाकी क्रमाचा प्रश्न तेव्हा सोपा होता, कारण सगळं एका रांगेत चालायचं. सिस्टम फाइव्ह युनिक्सची पद्धत लिनक्सने उचलली. मिकेल फान स्मूरेनबर्ग यांनी ती लिनक्ससाठी लिहिली. प्रत्येक स्क्रिप्टला नंबर. रेड हॅटवर नेटवर्कची स्क्रिप्ट एस१०, पोर्टमॅप एस१३, आणि नेटवर्कवरची माउंट्स करणारी नेटएफएस एस२५. रेशनच्या रांगेसारखं, दहा नंबरवाल्याचं काम संपेपर्यंत पंचवीसवाला जागचा हलणार नाही. नेटवर्कची स्क्रिप्ट पत्ता मिळेपर्यंत थांबायची, त्यामुळे पुढच्याला तयार नेटवर्क मिळायचं.

गंमत अशी, की ‘मला नेटवर्क लागतं’ हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. फक्त नंबर होते. नेटवर्क लागतं ही गोष्ट त्या नंबरांत लपलेली होती.

मग लोकांना घाई झाली. लॅपटॉप आले, नेटबुक आले. सप्टेंबर २००८मध्ये इंटेलच्या आर्यन व्हॅन डी व्हेन आणि ऑके कॉक यांनी ईईई पीसीवर लिनक्स पाच सेकंदांत बूट करून दाखवलं. रांग लावून हे शक्य नव्हतं. सगळ्यांना एकदम पळवायला हवं होतं.

त्याआधीच, २००६मध्ये, उबुंटूने स्कॉट जेम्स रेमनंट यांचं अपस्टार्ट आणलं होतं. ‘अमुक घडलं की तमुक कर’ अशी त्याची रीत. एखादा नेटवर्क इंटरफेस उठला की माउंटऑल नावाच्या प्रोग्रामला सिग्नल जायचा: घे, पुन्हा प्रयत्न कर. मला विचाराल तर कल्पना छानच होती, पण बिघडलं की नेमकं कुठे बिघडलं हे शोधताना घाम फुटायचा.

३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पॉटरिंग यांनी सिस्टमडी जाहीर केलं. २०११च्या फेडोरा १५मध्ये ते आलं, २०१५मध्ये डेबियन आणि उबुंटूमध्येही. इथे प्रत्येक सर्व्हिस सांगते की मला काय हवं आणि मी कुणाच्या नंतर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! ‘आफ्टर’ म्हणजे फक्त क्रम. ‘वॉन्ट्स’ किंवा ‘रिक्वायर्स’ म्हणजे गरज. नुसतं ‘आफ्टर’ लिहिलं आणि समोरचा आलाच नाही, तर सिस्टमडी त्याची वाट बघत नाही.

माझा खड्डा मात्र याच्याही अलीकडे होता. फोनवर वायफायची खूण दिसते, पण व्हॉट्सॲप गोल गोल फिरत राहतं, हे रोज अनुभवता ना? सिस्टमडीत या दोन अवस्थांना दोन नावं आहेत. ‘नेटवर्क डॉट टार्गेट’ म्हणजे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, बस. पत्ता मिळाला का, याची काही हमी नाही. ‘नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट’ म्हणजे नेटवर्क वापरण्याजोगं झालं. मी माउंटसाठी हाताने सर्व्हिस लिहिली होती, आणि तिच्यात पहिलं नाव होतं. केबलवर पत्ता पटकन मिळाला की चालायचं, उशीर झाला की फसायचं. त्याआधी तर मी ‘स्लीप ३०’ टाकून काम भागवलं होतं. हसू नका, निम्म्या जगाने ते केलंय.

मग शहाण्यासारखं सगळं एफएसटॅब फाइलमध्ये हलवलं. तिथे एनएफएस लिहिलं की सिस्टमडी ऑनलाइनवालं टार्गेट आपणहून जोडतं. आयस्कझीसारख्या नेटवर्कवरच्या डिस्कला ते ओळखता येत नाही, तिथे ‘नेटडेव्ह’ हा पर्याय लिहावा लागतो. नावाच्या आधी अंडरस्कोअर. शिवाय ‘नोफेल’, म्हणजे माउंट नाही झालं तरी बूट अडकू नये.

पुढच्या वादळात लाइट गेली आणि पुन्हा तेच! सर्व्हर एसएसडीवरचा, क्षणात उठला. नेटवर्क खरंच ऑनलाइन होतं. पण डब्याला उठायला पाच-सहा मिनिटं लागतात. सिस्टमडीने ठरलेले ९० सेकंद वाट बघितली आणि सोडून दिलं. माझ्या मशीनचं नेटवर्क तयार असणं आणि पलीकडचा जागा असणं, यातला फरक कुठलंच टार्गेट सांगू शकत नाही. सिस्टमडीचे लोकही हेच म्हणतात, की नेटवर्क येणार-जाणार, प्रोग्रामनेच ते सोसायला शिकावं.

उपाय पुन्हा जुनाच निघाला. ऑटोमाउंट, म्हणजे बूटच्या वेळी माउंट करायचंच नाही. फोल्डरला कुणी हात लावला की तेव्हा करायचं. सनकडे हे ऐंशीच्या दशकातच होतं. आता एफएसटॅबमध्ये ‘एक्स-सिस्टमडी डॉट ऑटोमाउंट’ एवढं लिहिलं की झालं. आणि माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही, की डबा झोपलेला असेल तर लिहिणाऱ्याला सरळ एरर मिळते, रिकामा फोल्डर हाती लागत नाही. वर बॅकअपच्या सर्व्हिसमध्ये ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ टाकली. माउंट नाही, तर बॅकअप सुरूच होत नाही.

एक राहिलंच. हे सगळं करण्याआधी, डिस्क भरली त्या सकाळी, मी घाईने डबा हाताने माउंट केला होता. फोल्डर उघडला तर त्या एकोणीस दिवसांच्या फायली कुठेच नाहीत, आणि डिस्क तरी भरलेलीच! त्या माउंटच्या खाली झाकल्या गेल्या होत्या. माउंट काढलं तेव्हा दिसल्या. एकेक करून डब्यावर नेल्या, आणि मगच पुसल्या.