मुख्यमंत्री गंभीर आजारी पडले, तर खुर्ची कधी सोडायची हे कोण ठरवतं?

डिसेंबर २०१८. गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर मांडवी नदीवरच्या नव्या पुलाची पाहणी करायला गेले. शरीर खंगलेलं आणि नाकात नळी. फोटो बाहेर आले आणि सोशल मीडियावर दोन तट पडले. काही जण म्हणाले, काय ही जिद्द! काहींनी विचारलं, या माणसाला आराम का करू देत नाहीत?

पर्रीकरांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता. ३० जानेवारी २०१९ ला त्यांनी तशाच अवस्थेत विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्च २०१९ ला त्यांचं निधन झालं. ते ६३ वर्षांचे होते आणि शेवटच्या दिवसापर्यंत मुख्यमंत्री होते.

जिद्द की हट्ट, यावर आजही वाद होतो. पण त्यामागचा एक साधा प्रश्न बाजूला राहतो. मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान काम करू शकत नाहीत, अशी वेळ आली तर निर्णय कोणी घ्यायचा? कायद्यात त्याचं उत्तर आहे का?

राज्यघटनेत काय लिहिलंय?

राष्ट्रपतींबाबत उत्तर अगदी स्पष्ट आहे. कलम ६५ नुसार राष्ट्रपती गैरहजेरी, आजारपण किंवा इतर कोणत्याही कारणाने काम करू शकत नसतील, तर त्यांचं काम उपराष्ट्रपती पाहतात. १९६१ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद गंभीर आजारी पडले, तेव्हा उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी हे काम पाहिलं होतं.

राज्यपालांसाठीही सोय आहे. अचानक अडचण आली तर त्यांच्या कामाची व्यवस्था राष्ट्रपती लावू शकतात. ते कलम १६०.

पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांच्यासाठी मात्र असं कलम नाही. खरी सत्ता याच दोन पदांकडे असते, पण ते आजारी पडले तर काय, हे घटनेत लिहिलेलं नाही. उपपंतप्रधान आणि उपमुख्यमंत्री ही पदंसुद्धा घटनेत नाहीत. ती राजकीय सोयीची पदं आहेत. त्यामुळे मुख्यमंत्री रुग्णालयात गेले की उपमुख्यमंत्र्यांकडे आपोआप कारभार जातो, असं नसतं.

मुख्यमंत्री राज्यपालांच्या मर्जीने पदावर असतात, असं कलम १६४ म्हणतं. पण ही मर्जी राज्यपालांची वैयक्तिक नसते. विधानसभेत बहुमत असेपर्यंत मुख्यमंत्री पदावर राहतात, हा संसदीय पद्धतीचा पाया आहे. बहुमत आहे की नाही एवढंच बघितलं जातं. तब्येत हा निकषच नाही.

आमदार-खासदारांसाठी दोन तरतुदी आहेत. परवानगीशिवाय ६० दिवस सभागृहात गैरहजर राहिल्यास सभागृह ती जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. आणि न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं तर सदस्यत्व जातं. पण आजारपणासाठी रजा मागितली की ती सहसा मिळते. त्यामुळे गंभीर आजारी मुख्यमंत्र्यांच्या प्रश्नात या तरतुदींचा फारसा उपयोग नाही.

मग प्रत्यक्षात कारभार चालतो कसा? जमेल तसा. जानेवारी २००९ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली. तेव्हा अर्थ खात्याचं काम प्रणव मुखर्जींनी पाहिलं, हंगामी अर्थसंकल्पही त्यांनीच मांडला. काही आठवड्यांचा प्रश्न होता, पंतप्रधान बरे होऊन परतले, निभावलं. आजार लांबतो आणि बरं होण्याची खात्री नसते, तेव्हा खरी अडचण होते. गोव्यात तेच झालं.

गोव्याचे ते १३ महिने

फेब्रुवारी २०१८ मध्ये पर्रीकर मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले. मार्चमध्ये ते उपचारांसाठी अमेरिकेला गेले. जाताना त्यांनी सुदिन ढवळीकर, फ्रान्सिस डिसोझा आणि विजय सरदेसाई या तीन मंत्र्यांची समिती नेमली. मुख्यमंत्रिपद मात्र कोणाकडेही सोपवलं नाही.

जूनमध्ये ते परतले, पण तब्येत पुन्हा बिघडली. सप्टेंबरमध्ये त्यांना दिल्लीच्या एम्समध्ये दाखल करण्यात आलं. काँग्रेसने सरकार स्थापनेचा दावा केला. त्यावर भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष अमित शहा यांनी पर्रीकरच मुख्यमंत्री राहतील, असं जाहीर केलं.

याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. मंत्रिमंडळातले दोन आजारी मंत्री, फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर, यांना वगळण्यात आलं. डिसोझा तेव्हा अमेरिकेत उपचार घेत होते. मुख्यमंत्र्यांच्या गैरहजेरीत कारभार बघायला नेमलेल्या तिघांपैकी ते एक होते. त्यांनी आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांचंही निधन झालं.

आपल्या व्यवस्थेतली गोम इथे दिसते. मंत्री आजारी असेल तर मुख्यमंत्री त्याला बदलू शकतात. मुख्यमंत्री आजारी असतील तर त्यांना बदलायचा निर्णय फक्त ते स्वतः किंवा त्यांचा पक्ष घेऊ शकतो.

आणि पक्षाची अडचण आकड्यांची होती. ४० जागांच्या गोवा विधानसभेत २०१७ ला भाजपला १३ आणि काँग्रेसला १७ जागा मिळाल्या होत्या. गोवा फॉरवर्ड आणि मगोप या प्रत्येकी ३ आमदारांच्या पक्षांनी पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तर पाठिंबा, अशी अट घातली होती. त्यासाठी पर्रीकर देशाचं संरक्षण मंत्रिपद सोडून पणजीला परतले होते. म्हणजे ते पायउतार झाले असते, तर प्रश्न फक्त माणूस बदलण्याचा नव्हता. सरकारच डळमळलं असतं.

पुढे झालंही तसंच. पर्रीकर गेल्यानंतर मित्रपक्षांशी रात्रभर बोलणी चालली. १९ मार्चला पहाटे दोनच्या सुमारास प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला. सरदेसाई आणि ढवळीकर असे दोन उपमुख्यमंत्री झाले.

या काळात लोकांना काय माहीत होतं? आजार नेमका कोणता, हे अधिकृतपणे कळायला ऑक्टोबर २०१८ उजाडला. आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी तेव्हा स्वादुपिंडाच्या कर्करोगाला जाहीर दुजोरा दिला. म्हणजे पहिल्यांदा रुग्णालयात दाखल झाल्यानंतर आठ महिन्यांनी. नोव्हेंबरमध्ये पूर्णवेळ मुख्यमंत्री द्या, अशी मागणी करत मुख्यमंत्र्यांच्या घरावर मोर्चा गेला. प्रकरण उच्च न्यायालयातही पोहोचलं, तिथे सरकारची बाजू खासगीपणाच्या हक्कावर उभी होती.

तामिळनाडू: बिनखात्याच्या मुख्यमंत्री

गोव्याच्या दोन वर्षं आधी तामिळनाडूत याहून विचित्र स्थिती होती. २२ सप्टेंबर २०१६ ला मुख्यमंत्री जयललिता चेन्नईच्या अपोलो रुग्णालयात दाखल झाल्या. ताप आणि शरीरातलं पाणी कमी झालंय, असं सुरुवातीला सांगण्यात आलं. मुक्काम लांबत गेला.

तेव्हा तामिळनाडूचा अतिरिक्त कार्यभार महाराष्ट्राचे राज्यपाल सी. विद्यासागर राव यांच्याकडे होता. ११ ऑक्टोबरला त्यांनी कलम १६६ चा आधार घेत जयललितांची खाती ओ. पनीरसेल्वम यांना दिली. जयललिता मुख्यमंत्रिपदावर कायम राहिल्या, फक्त त्यांच्याकडे एकही खातं उरलं नाही. हे मुख्यमंत्र्यांच्याच सल्ल्याने केल्याचं राजभवनाने सांगितलं. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाने हा सल्ला कसा दिला, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला. त्याच महिन्यात पोटनिवडणुकीच्या कागदपत्रांवर त्यांच्या सहीऐवजी अंगठ्याचा ठसा होता.

५ डिसेंबर २०१६ ला त्यांचं निधन झालं. त्या ७५ दिवसांत काय घडलं हे तपासायला २०१७ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल यायला २०२२ साल उजाडलं.

आजारपण लपवलं का जातं?

एक कारण उघड आहे: आजारी नेता म्हणजे कमकुवत नेता, असा समज. २०२४ च्या निवडणुकीत ओडिशात ७७ वर्षांच्या नवीन पटनायक यांची तब्येत हाच प्रचाराचा मुद्दा झाला होता. त्यांची तब्येत का बिघडली याची चौकशी करू, असं पंतप्रधान मोदींनी प्रचारसभेत म्हटलं. पटनायकांनी आपण ठणठणीत असल्याचं सांगितलं. निवडणूक मात्र ते हरले.

पण उलटंही होतं. १९८४ मध्ये तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन उपचारांसाठी न्यूयॉर्कमध्ये होते. राज्यात पाऊल न ठेवता त्यांनी निवडणूक लढवली. रुग्णालयातली त्यांची दृश्यं गावोगावी दाखवली गेली. ते जिंकले आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये परतून पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे आजारपण लपवणं आणि दाखवणं, दोन्ही राजकारणाच्या हिशोबाने ठरतं.

दुसरं कारण नेत्याभोवतीच्या लोकांचं. नेता गेला की त्याचे सल्लागार, अधिकारी, घरचे लोक, सगळ्यांचंच वजन जातं. त्यामुळे 'आता थांबा' हे सांगू शकणारी माणसंच ते सांगायला तयार नसतात.

अमेरिकेत नियम आहे. मग प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत १९६७ ला २५ वी दुरुस्ती झाली. राष्ट्राध्यक्ष स्वतः पत्र देऊन तात्पुरते अधिकार उपराष्ट्राध्यक्षांकडे देऊ शकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जो बायडन यांना तपासणीसाठी भूल दिली, तेव्हा कमला हॅरिस यांच्याकडे ८५ मिनिटं हे अधिकार होते.

राष्ट्राध्यक्ष स्वतः तयार नसतील, तर उपराष्ट्राध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्री मिळून त्यांना अक्षम ठरवू शकतात. राष्ट्राध्यक्षांनी हरकत घेतली, तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. हा दुसरा मार्ग आजवर एकदाही वापरलेला नाही. २७ जून २०२४ च्या वादचर्चेत ८१ वर्षांचे बायडन अडखळले, तेव्हाही तो वापरला गेला नाही. पक्षातून दबाव वाढला आणि २१ जुलैला त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. मुदत मात्र पूर्ण केली.

सिनेटर्ससाठी तर असा नियमच नाही. डायॅन फाइनस्टाइन २०२३ मध्ये आजारपणामुळे अडीच महिन्यांहून जास्त काळ गैरहजर होत्या. न्यायाधीशांच्या नेमणुका तपासणाऱ्या समितीत त्यांच्या पक्षाचं बहुमत एका मताचं होतं, त्यामुळे काही नेमणुका अडकल्या. त्यांच्या जागी तात्पुरता सदस्य द्यायला विरोधकांनी नकार दिला. २९ सप्टेंबर २०२३ ला, वयाच्या ९० व्या वर्षी, त्या पदावर असतानाच वारल्या.

मग वयाची अट घालायची का?

ही मागणी लगेच होते. ती स्वाभाविकही आहे. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या. लोकसभा किंवा विधानसभा लढवायला किमान वय २५ आहे, कमाल वय नाही. भाजपमध्ये ७५ वर्षांच्या मर्यादेची चर्चा होते. २०१६ मध्ये आनंदीबेन पटेल यांनी पंचाहत्तरी जवळ आल्याचं सांगून गुजरातचं मुख्यमंत्रिपद सोडलं होतं. पण येडियुरप्पा २०१९ मध्ये ७६ व्या वर्षी कर्नाटकचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे तो नियम नाही, सोय आहे.

मुळात वय आणि आजार या वेगळ्या गोष्टी आहेत. पर्रीकर ६३ वर्षांचे होते, जयललिता ६८, न्यूयॉर्कमध्ये असताना एमजीआर ६७. पंचाहत्तरीची अट यांच्यापैकी कोणालाच लागू झाली नसती. आणि ऐंशीतले कितीतरी लोक उत्तम काम करतात.

चांगलं उदाहरण आहे का?

आहे. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू. १९७७ पासून सलग २३ वर्षं ते पदावर होते. नोव्हेंबर २००० मध्ये, ८६ व्या वर्षी, तब्येतीच्या कारणाने त्यांनी पद सोडलं. त्याआधीच, १९९९ मध्ये, बुद्धदेव भट्टाचार्य यांना उपमुख्यमंत्री केलं होतं. त्यामुळे उत्तराधिकारी कोण, यावर रात्रभर बैठका घ्याव्या लागल्या नाहीत. २००१ ची निवडणूकही डाव्या आघाडीने जिंकली. बसूंनी सोडणं सोपं होतं कारण पक्षाकडे दुसरा माणूस तयार होता आणि सरकार एका नावावर टांगलेलं नव्हतं.

थोडक्यात सांगायचं तर:

– पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री काम करण्याच्या स्थितीत नाहीत, हे ठरवणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. राष्ट्रपतींसाठी आहे तशी स्पष्ट तरतूद इथेही करता येऊ शकते.

– नुसता नियम पुरत नाही, हे अमेरिकेकडे बघून कळतं. पण नियम असेल तर तात्पुरता कारभार दुसऱ्याकडे देणं म्हणजे पराभव, असं वाटत नाही.

– आजाराचे सगळे तपशील जाहीर करायची गरज नाही. नेत्यालाही खासगीपण आहे. मात्र रोजच्या फायलींवर निर्णय कोण घेतंय, हे विचारण्याचा हक्क मतदाराला आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या आजारी नेत्याचा फोटो टाइमलाइनवर आला, तर त्यांची थट्टा करण्याआधी किंवा जयजयकार करण्याआधी एवढं तपासा: त्यांच्या जागी सह्या कोण करतंय, आणि ते आपल्याला कोणी अधिकृतपणे सांगितलंय का?