पायातली अर्थिंग

अर्थिंग म्हटलं की आपल्याकडे घरामागचा खड्डा, त्यातला कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात वरून ओतलेलं पाणी आठवतं. जमीन ओली असेल तरच वीज तिच्यात नीट उतरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात नेमका ओलावाच नव्हता, आणि वाळवंटातल्या कोठारांत बॉम्ब साठवायचे होते.

टूसॉन आणि फ्लॅगस्टाफजवळच्या या कोठारांना आकाशातल्या विजेपासून वाचवण्याचं काम लष्कराचे सल्लागार हर्बर्ट युफर यांच्याकडे आलं. एरवी अर्थिंगला हाताशी असणारं पाण्याच्या लोखंडी नळांचं जाळं तिथे नव्हतं. युफर यांनी पायाच्या काँक्रीटमधल्या सळयांनाच अर्थिंग जोडली.

मातीला टेकलेलं काँक्रीट ओलावा धरून ठेवतं आणि त्यातल्या अल्कली क्षारांमुळे वीज वाहते. शिवाय अख्खा पाया जमिनीला भिडलेला असतो. सुमारे दोन दशकांनी मोजणी झाली, तेव्हा रोध अवघा २ ते ५ ओहम भरला. जमिनीत ठोकलेल्या एकट्या रॉडचा रोध २५ ओहमपेक्षा जास्त असेल, तर अमेरिकेचा नॅशनल इलेक्ट्रिकल कोड दुसरा रॉड ठोकायला लावतो. या कोडने १९६८ मध्ये युफर यांची पद्धत स्वीकारली. २००५ पासून नव्या घराच्या पायात किमान २० फूट योग्य सळई असेल, तर ती जोडणं सक्तीचं झालं.

आज तिथल्या मोठ्या घरांना ४०० अँपिअरचा पुरवठा लागतो. तो बऱ्याचदा २०० अँपिअरच्या दोन मेन स्विचमध्ये विभागतात. एवढ्या पुरवठ्यालाही पायातल्या सळईपर्यंत अमेरिकी गेजची ४ नंबरची तांब्याची तार पुरते.

मात्र घरात बिघाड झाला तर जमीन वीज तोडत नाही. ते काम ब्रेकरचं, आणि त्यासाठी अमेरिकी पद्धतीत मेन स्विचपाशी न्यूट्रल व अर्थ एकमेकांना जोडलेले असावे लागतात. कोडच्या २०२० च्या आवृत्तीने घराबाहेर, अग्निशमन जवानांच्या हाताशी, आणीबाणीचा स्विच बसवायला सांगितलं. मेन स्विचच बाहेर नेला, तर हा जोडही त्याच्याबरोबर बाहेर जातो आणि आतल्या पॅनेलमध्ये न्यूट्रल-अर्थ वेगळे ठेवावे लागतात. तसं केलं नाही, तर न्यूट्रलचा प्रवाह घरभरच्या अर्थच्या तारांतून फिरतो.

काँक्रीट ओतून झालं की पायातली सळई पुन्हा हाती लागत नाही. म्हणून घर कुठेही बांधत असाल, तरी पाया भरण्याआधीच परवानाधारक विद्युत ठेकेदाराला साइटवर बोलवा आणि अर्थिंगचं तिथेच ठरवा.