हेमलकसा परिसरातील शेळीपालन: पुराआधीची लस आणि चराईचा हक्क

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील हेमलकसा महाराष्ट्राला माहीत आहे ते लोकबिरादरी प्रकल्पामुळे. बाबा आमटे यांनी 1973 मध्ये माडिया आदिवासींसाठी तो सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. तिथल्या वन्यप्राण्यांच्या अनाथालयावर भरपूर लिहून झाले आहे. गावातल्या अंगणातील शेळ्या-कोंबड्यांवर मात्र फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून ही नोंद.

माडियांत गाय-बैल शेतीकामासाठी. दूध काढण्याची परंपरा नव्हती, ते वासराचे मानले जाई. त्यामुळे दुधाळ जनावरांची योजना इथे सरसकट लागू पडत नाही. घर चालते ते शेळी, डुक्कर आणि कोंबडीवर. शेळी पाच महिन्यांत विते, तिला गोठा लागत नाही आणि आजारपणात तिचे त्याच दिवशी पैसे होतात. जमीन नसलेल्या घराला एवढा आधार दुसरा कुठला? बुद्धांनी उपासकांना प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार टाळायला सांगितले, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यावर चर्चा जरूर व्हावी, पण दुसरी मिळकत ज्यांच्यापाशी आहे त्यांनी ती आधी स्वतःपुरती करावी.

राज्याच्या योजनेत 10 शेळ्या व 1 बोकडाचा गट मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना अनुदान 75 टक्के. 2021 च्या दरांनुसार स्थानिक जातीच्या गटाची किंमत सुमारे 78 हजार रुपये, म्हणजे साडेएकोणीस हजार लाभार्थ्याने स्वतः किंवा कर्ज काढून उभे करायचे. खरा गरीब इथेच गळतो. त्याच्यासाठी बचत गटाने दोन शेळ्यांपासून सुरुवात करून देणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते.

शेळी मिळाली तरी ती जगली पाहिजे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की हेमलकसा आणि भामरागड यांच्यातील वाहतूक बंद पडते. नेमक्या याच दिवसांत कोवळा चारा अधाशासारखा खाऊन शेळ्यांना आंत्रविषार होतो आणि धडधाकट दिसणारी शेळी काही तासांत मरते. उपचाराला वेळच मिळत नाही. उपाय लस हाच, आणि ती मे महिन्यात टोचायला हवी. पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. पीपीआरची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षे पुरते. कोंबड्यांच्या मानमोडीसाठी पिलांना पहिल्याच आठवड्यात लासोटाचे थेंब द्यावेत. लस बर्फातच आणावी लागते, म्हणून एकेकट्याने धावण्यापेक्षा गावाने दिवस ठरवून पशुधन अधिकाऱ्यांकडे आधी लेखी मागणी करावी.

उरला चाऱ्याचा प्रश्न. वनहक्क कायदा, 2006 ने चराई हा सामूहिक हक्क मानला आहे. आदिवासी नसलेल्या कुटुंबांना, त्यात या दोन्ही जिल्ह्यांतील आपली बौद्ध घरेही आली, 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. कागद नसला तर गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही पुरावा म्हणून चालतो. हे सांगू शकणारी माणसे आता थकली आहेत. कार्यकर्त्यांनी त्यांचे जबाब या उन्हाळ्यातच नोंदवून घ्यावेत आणि ग्रामसभेच्या सामूहिक दाव्यात ‘चराई’ हा शब्द स्पष्ट लिहिला आहे ना, ते पाहावे.