पखवाजाची कणीक

आमच्या माडीवर खुंटीला एक पखवाज टांगलेला आहे. वाद्या सैल पडल्यात, उजव्या तोंडाची शाई उडालीय, आणि डाव्या तोंडावर कणकेचा एक वाळका, पिवळट डाग आहे. तो डाग आम्ही कुणी पुसत नाही. का पुसत नाही ते सांगायचं तर बेचाळीस सालापर्यंत मागं जावं लागतं.

मी सातवीत असताना गुरुजींनी सांगितलं होतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या, चळवळीत त्यांनी काय केलं. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. या पट्ट्यात असलं विचारायला लांब जावं लागत नाही. कुणाच्या आज्यानं तारा तोडलेल्या, कुणाचा चुलता तुरुंगात गेलेला, कुणाच्या आजीनं भूमिगतांना उसाच्या फडात भाकरी पोचवलेल्या. मी मोठ्या तोऱ्यात आबांच्या पुढ्यात जाऊन बसलो.

"आबा, बेचाळीसला तुम्ही काय केलं?"

आबा तंबाखू मळत होते. म्हणाले, "मी? मी मुरदंग वाजिवला."

"तसं नव्हं. चळवळीत काय केलं?"

"त्येच सांगतोय लेका. मुरदंग वाजिवला."

मला लाज वाटली. वहीत मी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात दुसऱ्याच्या आज्याची गोष्ट आपल्या आज्याची म्हणून सांगितली. पुढं कॉलेजात गेल्यावर परत विचारलं, तेव्हा कुठं ते सावकाश बोलले.

तो काळ कसा होता, ते आधी सांगतो. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे सगळे तालुके साताऱ्यातच होते. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला आणि पुढारी तुरुंगात गेले. सप्टेंबरात इकडं कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. 3 तारखेला तासगावची कचेरी लोकांनी सर केली. 9 तारखेला वडूजला आणि 10 तारखेला इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर मोर्चे थांबले आणि चळवळ जमिनीखाली गेली. क्रांतिसिंह नाना पाटील 1946 पर्यंत सरकारला सापडले नाहीत. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली गेली. त्याच वर्षी 24 जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तेव्हा दादांना गोळी लागली. गावागावांत प्रतिसरकारची न्यायदान मंडळं बसू लागली. दारू बंद झाली, हुंड्याबिगर, वाजंत्रीबिगर गांधी-लग्नं लागू लागली. लोक 'पत्री सरकार' म्हणायचे. दोषी माणसाच्या पायाला घोड्यासारख्या पत्र्या ठोकतात, असा बोलवा होता. खरं म्हणजे तळव्यांवर काठ्या बसत. पण त्या बोलव्यानंच निम्मं काम व्हायचं.

हे सगळं पुस्तकांत आहे. पुस्तकांत नसतं ते हे, की या चार वर्षांत रोज काही गाडी लुटली जात नव्हती. रोज दिवस उगवत होता, मोट चालत होती, आणि दिवस मावळल्यावर माणसाला त्याच्या नादाची आठवण होत होती. आमच्या गावात एकाला कबुतरांचा नाद होता. दुसऱ्याला बैलांचा, शर्यतीचा. तालमीतली पोरं पहाटे जोर-बैठका मारायची. शाळेच्या मास्तरांना वाचनाचा नाद. जवळच्या किर्लोस्करवाडीतून निघणारं 'किर्लोस्कर' मासिक ते मागवायचे आणि पारावर मोठ्यानं वाचून दाखवायचे. आणि आबांना मृदंग.

ब्रह्मदेश जपान्यांच्या हातात गेल्यावर रॉकेल मिळेना. धान्याची टंचाई होतीच. आमच्याकडं खाणं ज्वारीचं, गहू सणासुदीला. आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला प्रत्येक वेळी ओली कणीक थापावी लागते. ती नसेल तर आवाजाला घुमारा येत नाही, नुसतं डबडं वाजल्यासारखं वाजतं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो. लावलं की थोड्या वेळात भेगाळून पडतं. गहूच लागतो.

आजी म्हणायची, "पोराच्या तोंडाला गहू न्हाय, आन् तुमच्या मुरदंगाला कणीक व्हय वो?"

आबांकडं उत्तर नव्हतं. तरी दर एकादशीला मूठभर कणीक मळली जायची. भजन उठल्यावर एरवी ती काढून गाईला घालायची रीत. त्या वर्षी ती तव्यावर गेली. माझे वडील तेव्हा दोन-अडीच वर्षांचे. मृदंगाची कणीक भाजून खाऊन वाढलेला पोरगा, असं आजी त्यांना मरेपर्यंत चिडवायची.

मी आबांना विचारलं, "एवढी ओढाताण होती, तर वाजवायचं कशाला?"

ते म्हणाले, "दिसभर कान वेशीकडं लागल्यालं असायचं. पोलीस आलं का, कुनाला धरलं का. रातच्याला दोन घटका त्ये कान माझं मला परत मिळायचं."

पुढं मी वाचत गेलो तसं ध्यानात आलं, की माणसांचे हे नाद आणि चळवळ अशी दोन वेगळी खाती नव्हतीच. कुंडलला जी. डी. बापू लाडांनी तुफान सेना उभी केली, तिच्यात कसलेल्या अंगाच्या पोरांची गरज होती, आणि ती पोरं आखाड्यांत तयारच होती. शाहीर शंकरराव निकमांच्या डफावर जे सभा घेऊन जमत नव्हतं ते जमलं. नानांच्या कन्या हौसाताईंनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक वठवलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि आतल्या बंदुका गेल्या. शेजारच्या औंध संस्थानात तर राजालाच नाद होते. चित्रांचा, कीर्तनाचा, सूर्यनमस्कारांचा. त्याच भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली आपला कारभार प्रजेच्या हाती दिला. कुंडल त्यांच्याच हद्दीत होतं.

आमच्या देवळातलं भजनही तसंच होतं. चार माणसं रात्री एकत्र जमली तर पोलीस विचारत, पण टाळ वाजत असले तर विचारत नसत. भजनाला बसलेल्यांत दोघं-तिघं परगावचे असायचे, त्यांच्या टाळाचा ठेका चुकायचा. आबांना कळायचं. ते लय धीमी करून त्यांना सांभाळून घ्यायचे. वेशीवरून शीळ आली की गजर चढवायचा आणि परगावचे टाळकरी मागच्या दारानं नदीकडं जायचे. हे सांगताना आबांना हसू यायचं.

मग एक रात्र सांगताना ते थांबले.

ती माणसं कोण होती, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या दिवसांत चळवळीचं नाव घेऊन फिरणारे भुरटेही होते, आणि त्यांना प्रतिसरकारनंच शिक्षा केल्याच्या गोष्टी आहेत. तेव्हा मी कुणाच्या नावावर हे टाकत नाही. एवढंच, की देवळामागच्या वाड्यात कुणाला तरी आणलं होतं. एकानं देवळात येऊन सांगितलं, "बुवा, आज जरा जोरात हुंद्या." भजन जोरात झालं. मधेच टाळ थांबले की मागून माणसाचा आवाज यायचा. मग कुणी थांबलंच नाही.

सकाळी कळलं, तो बाजूच्या वाडीचा माणूस होता. फितुरीचा संशय होता. खरा होता का खोटा, ते कधीच ठरलं नाही. तो जगला, पण पुढं पायांनी नीट चालला नाही. बाजारात तो दिसला की आबा वाट बदलायचे.

"तुमचा काय दोष त्यात?" मी म्हणालो.

"दोष न्हाय रं. पर त्या रातीला माझा हात एकदाबी चुकला न्हाय. चुकाय पायजे हुता."

त्यानंतर आबांनी वाजवणं सोडलं नाही. सोडलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. ते वाजवत राहिले, स्वातंत्र्य आल्यावरही, हात कापायला लागेपर्यंत. पण कणीक लावताना ते थोडी बाजूला काढून ठेवायचे आणि भजन झाल्यावर तिची एक दशमी करून वेशीतल्या मारुतीपाशी ठेवून यायचे. आजीला वाटायचं नवस आहे. मलाही तेच वाटायचं.

सातवीच्या वहीत मी काही लिहिलं नव्हतं, ते आज लिहितोय. माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत होते का, याचं उत्तर मला देता येत नाही. त्यांनी तार तोडली नाही, त्यांना तुरुंग नाही, ताम्रपट नाही. त्यांनी मृदंग वाजवला. त्याच्या आडोशानं काही माणसं वाचली, आणि त्याच्याच आडोशानं एक माणूस मोडला. दोन्ही वेळेला ठेका एकच होता.

डाग तेवढा राहू दिलाय.