सेवाग्रामचा पाहुणा बातमीदार

तालुक्याच्या गावाहून वर्तमानपत्राला बातम्या धाडणारा माणूस पुष्कळदा शाळामास्तरच असायचा. पगार नाही. छापून आले तर चार पैसे, नाही आले तर टपालखर्चही अंगावर! स्वतंत्र पत्रकाराची सुरुवात बहुधा अशीच होते. असाच एकेकाळचा मास्तर १९४२ च्या जूनमध्ये आपल्या वर्ध्याला आला. नाव लुई फिशर.

फिशर जन्मला १८९६ साली, अमेरिकेतील फिलाडेल्फियात. बाप मासे विकून पोट भरी. मुलगा शिकून शिक्षक झाला. पण पहिले महायुद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, त्याने बर्लिन गाठले आणि ‘न्यूयॉर्क इव्हिनिंग पोस्ट’कडे लेख पाठवण्यास आरंभ केला. युरोप मोडून पडला होता, आणि तिथली हकीकत अमेरिकेला हवी होती. जिथली बातमी हवी, तिथेच जाऊन राहायचे, ही त्याची अक्कल बघा. पुढे मॉस्को झाले, स्पेनचे यादवी युद्ध झाले, आणि मग सेवाग्राम.

इथे तो आठवडाभर राहिला. पाऊस पडण्याआधीचा आपल्याकडचा उकाडा तुम्हांला सांगायला नको. गांधीजी रोज त्याला तासभर मुलाखत देत. त्यानंतर हा गडी काय करी? पाण्याच्या पत्र्याच्या टबात एक खोके ठेवून त्यावर बसे, बाहेर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर ठेवी, आणि अंगावर भांड्याने पाणी ओतीत ओतीत टिपणे उतरवून काढी. हसू येते खरे. पण ऐकलेला शब्द शिळा होऊ द्यायचा नाही, ही शिस्त मला त्याच्या इंग्रजीपेक्षा मोठी वाटते.

आणि प्रश्न? आश्रमाचेच अन्न खाऊन त्याने गांधीजींना विचारले, काँग्रेस मुंबईच्या गिरणीवाल्यांच्या पैशावर चालते म्हणतात, ते खरे का? गांधीजींनी दुर्दैवाने खरे आहे म्हणून सांगितले. जवळजवळ सगळाच पैसा श्रीमंतांचा, हेही मान्य केले. आश्रमात याहून गरिबीने राहता येईल, पण तसे आपण राहत नाही, असेही वर सांगितले. फिशरने हे झाकले नाही. श्रीमंतांच्या विचारांचा आपल्यावर फारसा परिणाम होत नाही, हे गांधीजींचे पुढचे म्हणणेही त्याने गाळले नाही. अर्धेच छापले असते, तर इंग्रजांच्या प्रचारकांना आयते कोलीत मिळाले असते.

दुसरा प्रश्न युद्धाचा. इंग्रज गेले तर देश जपानच्या घशात जाईल, अशी अमेरिकेत भीती होती. स्वतंत्र हिंदुस्थानात दोस्तांच्या फौजा राहून जपानशी लढू शकतील, हे गांधीजींचे उत्तर फिशरने नोंदवून ठेवले.

९ ऑगस्टला गांधीजींना अटक झाली. १५ ऑगस्टला त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई पुण्याच्या आगाखान महालात, बंदिवासातच वारले. त्याच वर्षी फिशरचे ‘अ वीक विथ गांधी’ हे पुस्तक निघाले, आणि सेवाग्रामातले ते संभाषण अमेरिकेच्या घरोघरी वाचायला मोकळे झाले.