वंशावळीची वही आणि तिची किल्ली

वर्गात 'आपली वंशावळ काढून आणा' असे सांगितले, की बहुतेक मुले पणजोबांपाशी अडतात. त्यापुढची नावे कुठे मिळणार? एखाद्या घरात छापील कुलवृत्तान्त असतो, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीची आठवण निघते. वही उपाध्यायांची, नावे आपली. आपण गाव-आडनाव सांगायचे आणि पान त्यांनी उघडायचे. संगणकावरच्या वंशावळींचा आजचा पेचही असाच आहे.

अमेरिकेतील यूटा राज्यात मॉर्मन पंथीयांनी १८९४ साली वंशावळींसाठी एक संस्था काढली. मृत पूर्वजांसाठीही धर्मविधी करावेत अशी या पंथाची श्रद्धा, आणि त्यासाठी नावे हवीत. १९३८ पासून संस्थेने देशोदेशीची दप्तरे मायक्रोफिल्मवर उतरवली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आहेत. पुढे घरोघरी संगणक येऊ लागले, तेव्हा याच पंथाने १९८४ साली 'जेडकॉम' नावाची पद्धत प्रसिद्ध केली.

ती फळ्यावरही दाखवता येईल. साध्या मजकुराची फाईल असते. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक आकडा: ० म्हणजे नवी नोंद, १ म्हणजे तिच्यातला तपशील, २ म्हणजे त्या तपशिलाचा तपशील. व्यक्तीची नोंद वेगळी, कुटुंबाची वेगळी. कुटुंबाच्या नोंदीत नवरा, बायको, मुले यांचे फक्त क्रमांक असतात. एवढ्यावर कितीही मोठा वृक्ष बांधता येतो. पद्धतीचे नियम सर्वांना खुले होते, त्यामुळे कोणीही आपला प्रोग्रॅम लिहावा, त्यासाठी कोणाची परवानगी नको.

नंतर वंशावळी फाईलमधून संकेतस्थळांवर गेल्या. तिथला वृक्ष रोज वाढतो, आणि फाईल म्हणजे एका दिवसाचा फोटो. वाढत्या वृक्षाशी बोलायचे, तर संकेतस्थळाने प्रोग्रॅमांसाठी एक दार ठेवावे लागते. त्याला 'एपीआय' म्हणतात. 'जेनी' या संकेतस्थळाने (सुरुवात २००७) ते ठेवले. त्यातून संशोधकांनी ८ कोटी ६० लाख व्यक्तींच्या नोंदी घेतल्या, आणि एकाच वृक्षात १ कोटी ३० लाख माणसे जोडली गेली. २०१८ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार माणसामाणसांच्या आयुर्मानात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे १६ टक्केच आनुवंशिक आहे. हौशी लोकांनी आपापल्या आजी-आजोबांच्या तारखा टिपल्या नसत्या, तर हे गणित मांडताच आले नसते.

पण सगळीकडे असे दार नाही. 'फॅमिलीसर्च' ते देते, मात्र आधी प्रोग्रॅम तपासून घेते. या व्यवसायातील सर्वांत मोठ्या 'अ‍ॅन्सेस्ट्री'ने सर्वांसाठी असे दार ठेवलेले नाही. '२३अँडमी'ने २०१२ साली उघडलेले दार २०१८ मध्ये जनुकीय माहितीपुरते बंद केले.

याला कारणे नाहीत असे नाही. २०१८ मध्येच कॅलिफोर्नियाच्या पोलिसांनी जुन्या खुनांचा आरोपी शोधला, तो दूरच्या नातेवाइकांनी 'जेडमॅच'वर ठेवलेल्या जनुकीय माहितीवरून. गुन्हेगार सापडला हे चांगलेच. पण एकाने दिलेल्या माहितीने साऱ्या भाऊबंदांचा माग निघतो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. तरीही दार बंद केले म्हणजे माहिती सुरक्षित झाली, हे आम्हांला पटत नाही. २०२३ मध्ये '२३अँडमी'च्या सुमारे १४ हजार खात्यांत चोर शिरले ते ग्राहकांच्याच चोरीला गेलेल्या पासवर्डांनी, आणि नातेवाईक दाखवणाऱ्या सोयीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. अडले ते छोटे प्रोग्रॅमवाले.

आमच्यातल्या एकाच्या आत्याने अकरा वर्षे खपून अशाच एका संकेतस्थळावर घराण्याचा वृक्ष उभा केला. आत्या गेल्यावर आम्ही तो उतरवून घ्यायला बसलो. नावे आणि तारखा जेडकॉममध्ये तासाभरात आल्या. फोटो आणि त्यांखाली तिने लिहिलेल्या ओळी मात्र आल्या नाहीत. प्रोग्रॅमने त्या घेण्याची परवानगी मागितली, तिला उत्तर आले नाही. मग दिवाळीच्या सुटीत चौघांनी बसून तीनशेच्या वर फोटो एकेक करून हाताने उतरवले, आणि ओळी वहीत लिहून घेतल्या.