दोन्ही बाजूंनी नेसायचे लुगडे

माळव्यात आणि ग्वाल्हेरीकडे स्थिरावलेल्या मराठी घरांत कपड्यांची खरेदी हौसेची होती, तशीच हिशेबाचीही. वर्षाला लुगडी किती घ्यायची, कोणत्या ऋतूसाठी कोणते पोत घ्यायचे आणि जुन्याचे काय करायचे, हे घरातील वडीलधाऱ्या बाईच्या हाती असे. पैसे आपण मोजतो म्हणून खरेदीही आपणच करतो, असा घरातील पुरुषांचा समज होता, आणि तो कोणी मोडीत नसे. या बायकांची पारख किती मुरलेली होती, हे समजून घ्यायचे तर महेश्वर आणि चंदेरी या दोन गावांच्या विणीकडे पाहावे.

अहिल्याबाईंनी १७६७ साली राज्यकारभार हाती घेतला आणि नर्मदाकाठच्या महेश्वरला राजधानी केली. बाहेरून विणकर आणवून त्यांनी ते गावात वसविले. दरबारी पाहुण्यांना आणि आप्तांना देण्यासाठी लुगडी व पागोट्यांचे कापड तेथे विणले जाई, असे परंपरा सांगते. किल्ल्याच्या आणि घाटांच्या दगडांवरील नक्षी काठांत उतरली: चटई, वीट, हिरा, लहरी. पदरावर पाच पट्टे आले. पण या लुगड्याचा खरा विशेष म्हणजे त्याचा उलटसुलट सारखा दिसणारा काठ, ज्याला बुगडी म्हणतात. या काठामुळे लुगडे दोन्ही बाजूंनी नेसता येते.

जाणकार बुगडीचे कौतुक शोभेची करामत म्हणून करतात. मला ती आधी काटकसरीची युक्ती वाटते. सुती लुगडे नित्य नेसले की बाहेरची बाजू उन्हाने विटते. मग बाजू उलटायची. आतला टवटवीत रंग वर येतो आणि तेच लुगडे आणखी काही दिवस चार बायकांत मिरवता येते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते एका बाजूवर संपवून टाकणे कोणत्याही संसारी बाईला परवडणारे नव्हते. विणकराने हे ओळखले, की गिऱ्हाइकाने ते त्याच्याकडून करून घेतले, कोण जाणे.

ऋतूंचा क्रम साधा होता. मूळचे महेश्वरी निखळ सुती. निमाडातील वैशाख ज्याने सोसला आहे त्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मात्र चंदेरी बाहेर निघे. पारदर्शक, किंचित ताठ, अंगावर उभे राहणारे. हा ताठपणा रेशमाच्या डिंकाचा असतो. चंदेरीसाठी कच्चे रेशीम डिंक न काढताच वापरतात, म्हणून चमक येते. आणि त्याच कारणाने एकाच घडीवर ते वर्षानुवर्षे ठेवले तर घडीच्या रेषेवर चिरते. जुन्या बायका दर काही महिन्यांनी घडी बदलत, त्याचे मर्म एवढेच. आषाढातल्या चिखलात अशी नाजूक वस्त्रे पेटीतच राहत आणि गडद, दाट विणीची सुती लुगडी वापरात येत. बेळगावकडे सोयरीक असलेल्या घरांत तेव्हा इरकली दिसे. तिच्या रेशमी पदराचे धागे अंगाच्या ताण्याशी फाशांनी जोडून विणलेले असतात. संक्रांतीला काळी चंद्रकळा ठरलेली.

दरबार गेला की असले बाजारही पांगतात. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि महेश्वरच्या मागांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक दूर गेले. पुढे गिरणीचे स्वस्त कापड आले, नऊवारीची जागा पाचवारीने घेतली, १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. ग्वाल्हेर संस्थानाने चंदेरीत १९१० साली विणकरांसाठी प्रशिक्षण केंद्र काढले होते. महेश्वरच्या मागांना नवा आधार मिळाला तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस, रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी सुरू केलेल्या ‘रेहवा’ संस्थेमुळे. मधल्या काळात महेश्वरीतही रेशमी ताणा आणि सुती बाणा शिरला होता. या नीमरेशमी वस्त्राला थंडीतल्या लग्नसराईत तोड नाही. मात्र दुकानदार ते उन्हाळ्यासाठी म्हणून पुढे सरकवू लागला, तर निखळ सुती मागावे.

आता खरी अडचण नकलेची आहे. चंदेरीला २००५ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, तरी यंत्रमागावरची ‘चंदेरी’ सणावारी राजरोस विकली जाते. आजींची कसोटी येथे उपयोगी पडते: साडी उलटी करून पाहावी. हातमागावर प्रत्येक बुटी स्वतंत्र लहान कांडीने भरलेली असते, धागा बुटीतच फिरतो आणि पाठीमागे नेटका राहतो. यंत्रावरच्या बुटीमागे बहुधा कापलेल्या धाग्यांची लव असते. चार धुण्यांत ती सुटू लागते. किंमत पाहून चकित होण्याआधी ही बाजू पाहिली, तर महाग साडी कित्येकदा महाग राहत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात तीन पिढ्यांच्या साड्यांची पेटी आहे. सुना ती दिवाळीआधी उघडतात, घड्या बदलतात, काय नेसण्याजोगे उरले आहे ते पाहतात आणि मगच बाजाराची यादी करतात. त्यांतल्या एका विरलेल्या महेश्वरीचे दोन्ही काठ उसवून नव्या पोलक्याला लावले आहेत. मधल्या कापडाचे बाळाचे दुपटे झाले, आणि ते दुपटेही आता गोधडीच्या आतल्या थरात गेले आहे.